वन्संना पंख फुटले!

मैत्रिणींनो, संसारी बाईनं पोहायला शिकावं, मोटार चालवायला शिकावं, हे आता आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनाही पटलं आहे. पण संसारी बाईनं उडायला शिकावं, असं कुणी म्हटलं तर? विमानात बसून नव्हे हं! कापडी पंखाला स्वतःला बांधून घ्यायचं आणि डोंगराच्या उतारावरून पळत सुटायचं. आणि तेही सौदी अरेबियात राहून, जिथे २०१८ च्या जूनपर्यंत बायकांना गाडी चालवायचा परवानासुद्धा मिळत नव्हता!

माझ्या नणंदेनं हे केलं. वय चाळिशीच्या घरात, दोन शाळकरी मुलं, नवरा रियाधला नोकरीत. तुमच्यापैकी कितीतरी जणींचं कुणी ना कुणी आखातात असेल. आमच्या माझगावात तर गोदी, जहाजं आणि आखात ही घरोघरची बोली आहे. म्हणून वन्संचा हा अनुभव सविस्तर सांगावासा वाटला.

तिकडचा दिवस कसा जातो?

नवरा कामावर गेला, मुलांची बस गेली, की घराचं दार बंद. घर थंडगार, सामान भरपूर, बाहेर मात्र उन्हाळ्यात ४५ अंशांची भट्टी. बायकोला राहण्याचा परवाना मिळतो तो नवऱ्याच्या परवान्याला जोडून. त्याला तिथे 'इकामा' म्हणतात, आणि त्यावर तिची ओळख 'अवलंबित' अशी. २०१७ च्या जुलैपासून अशा प्रत्येक अवलंबितामागे नवऱ्याला दरमहा १०० रियाल भरावे लागू लागले आणि २०२० पर्यंत तो आकडा ४०० वर गेला. "वहिनी, मी घरात बसायचे पैसे भरावे लागतात गं," असं वन्सं हसत म्हणायच्या. पण त्या हसण्यामागचं काय ते आपल्याला कळतंच.

देशही बदलत होता म्हणा. २०१७ मध्ये तिथल्या सरकारी शाळांत मुलींना शारीरिक शिक्षण सुरू करायचं ठरलं. २०१८ च्या जानेवारीत बायका स्टेडियममध्ये जाऊन फुटबॉल बघू लागल्या, जूनमध्ये गाडी चालवू लागल्या. २०१९ मध्ये २१ वर्षांवरच्या बायकांना पुरुष पालकाच्या संमतीवाचून पासपोर्ट मिळू लागला. २०२३ च्या मे महिन्यात तर रय्याना बर्नावी ही सौदी तरुणी थेट अंतराळात जाऊन आली! वन्संच्या मनात छंदाचं बी पडलं ते याच काळात.

हा पंख असतो तरी कसा?

पॅराशूट आणि पॅराग्लायडर यांत आपली गल्लत होते. पॅराशूट वरून उडी मारणाऱ्याचं पडणं सावकाश करतं. पॅराग्लायडर घेऊन माणूस जमिनीवरूनच निघतो. १९७८ मध्ये फ्रान्समधल्या म्येसी गावात काही पॅराशूटवाल्यांनी विमानाचा खर्च वाचवायला डोंगरावरून पळत उड्डाण केलं, आणि तिथून हा खेळ वाढला.

पंख म्हणजे काय, तर उशीचे पुष्कळसे अभ्रे एकमेकांना शेजारी शेजारी शिवलेत अशी कल्पना करा. अभ्र्यांची तोंडं पुढच्या बाजूला उघडी. वाऱ्याकडे तोंड करून पळालं की त्यांत हवा भरते, पंख ताठ होतो आणि डोक्यावर उभा राहतो. वर-खाली दोन थर असल्यानं कापड एकूण पाचसहा नऊवारी लुगड्यांइतकं लागतं, पण वजन जेमतेम पाच किलोच्या आसपास. खाली बारीक पण भक्कम दोऱ्या आणि बसायला खुर्चीसारखा पट्ट्यांचा हार्नेस. दोन्ही हातांत दोन मुठी असतात. उजवी ओढली की उजवीकडे वळायचं, डावी ओढली की डावीकडे. उतरताना जमिनीजवळ दोन्ही एकदम खाली ओढायच्या, की वेग मोडतो आणि पाय टेकतात.

मग इंजिनाशिवाय वर कसं जायचं? याचं उत्तर आमच्या भंडारवाड्याच्या टेकडीवर मिळतं. तिथल्या जोसेफ बाप्टिस्टा बागेत दुपारी जाऊन घारींकडे बघा. पंख न हलवता त्या गोल गोल फिरत वर चढतात. तापलेल्या डांबरावरून, पत्र्यांवरून गरम हवा वर येते, जशी तापल्या तव्यावरून येते. घार त्या हवेत शिरते आणि फिरत राहते. पॅराग्लायडरवालाही तेच करतो. शांत हवेत तो दर सेकंदाला सुमारे एक मीटर खाली येतो, गरम हवेचा झोत सापडला की वर जातो.

आता वाळवंटाचा विचार करा. भर दुपारी तिथला झोत तव्यावरचा राहत नाही, भट्टीचा होतो. नवशिक्याचा पंख त्यात चुरगळू शकतो. त्यात वाळूच्या वावटळी. म्हणून तिथे नवशिक्यांनी पहाटेनंतरचा थोडा वेळ किंवा उतरती संध्याकाळच धरायची, आणि तीही ऑक्टोबर ते एप्रिल या बऱ्या हवेच्या महिन्यांत.

घरातली परवानगी

नवऱ्याला आधी गंमत वाटली, मग काळजी. सासूबाईंनी तर फोनवरच सुनावलं, "दोन पोरांची आई आहेस तू! काही झालं म्हणजे?"

वन्संनी "काही होत नाही गं आई" असं म्हटलं नाही, हे मला फार आवडलं. त्या म्हणाल्या, "होऊ शकतं. म्हणूनच आधी कागद बघते." त्यांनी नवऱ्याच्या कंपनीचा आरोग्य विमा आणि स्वतःची आयुर्विम्याची पॉलिसी काढली आणि बारीक अक्षरांतल्या अटी वाचल्या. अशा साहसी खेळांत झालेली इजा आरोग्य विम्यातून वगळलेली होती. मग त्यांनी या खेळाला लागू पडणारा वेगळा विमा घेतला. मुलांच्या शाळेची, बँकेची सारी कागदपत्रं एका फाइलीत लावून ती कुठे आहे ते सासूबाईंना सांगितलं. ही फाइल उडणाऱ्या बाईनंच करावी असं थोडंच आहे? तुम्हीआम्हीही करून ठेवावी.

शिकायचं कुठे?

वन्संनी ठरवलं, शिकायचं ते आपल्याच भाषेत, आपल्याच मातीत. पुणे जिल्ह्यात मावळ तालुक्यात कामशेत आहे. १९९० नंतरच्या दशकापासून तिथे पॅराग्लायडिंगचं शिक्षण चालू आहे. लोणावळ्याहून पुण्याच्या लोकलनं गेलं तर मळवलीच्या पुढचं स्टेशन.

इथे आखातातल्या गृहिणीची एक खास अडचण आहे. मुलांच्या शाळांना मोठी सुट्टी जून ते ऑगस्टची, आणि तेव्हा मावळात धो धो पाऊस. उड्डाण बंद! म्हणून उन्हाळ्याची फेरी कमी करून दिवाळीनंतरच्या दिवसांत यायचं त्यांनी ठरवलं. मुलांची शाळा, विमानाचं तिकीट, नवऱ्याची रजा, सगळा मेळ घालायला एक वर्ष आधी तयारी करावी लागली.

कामशेतला मी दोन्ही भाच्यांना घेऊन गेले होते. पहिले दिवस सपाट मैदानात जातात. नुसता पंख उभा करायचा, सांभाळायचा, पाडायचा, पुन्हा उभा करायचा. मग लहानशी टेकडी, मग मोठी. शिक्षक खाली उभे राहून वायरलेसवर सूचना देतात, "पळा, पळा, थांबू नका!" पळणं अर्ध्यावर थांबवलं की पंख कोसळतो.

बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. फॉर्मवर वजन लिहिताना चारपाच किलो चोरू नका! प्रत्येक पंख ठरावीक वजनासाठीच बनवलेला असतो, आणि त्यात तुमच्यासोबत सामानाचंही वजन धरतात. गुडघे, कंबर, रक्तदाब यांची तक्रार असेल किंवा दिवस गेले असतील तर तेही लपवू नका.

वाळवंटातल्या शिस्तीचे धडे

रियाधला परतल्यावर वन्संनी लगेच उड्डाण केलं नाही. मोकळ्या मैदानात नवऱ्याला सोबत घेऊन त्या नुसता पंख उभा करायचा सराव करत. उडायचं ते परवानगी असलेल्या जागी, मान्यता असलेल्या शिक्षकांबरोबरच, हा त्यांचा नेम. त्या ज्या गोष्टी शिकल्या, त्या तिकडे असणाऱ्या तुमच्या बहिणी-भावजयांना जरूर कळवा.

पहिली गोष्ट कपड्यांची. तुम्ही म्हणाल, एवढ्या सोवळ्या देशात हा खेळ कसा चालायचा? पण पोहण्यापेक्षा हा सोयीचा! पूर्ण बाह्यांचं जाकीट, पूर्ण लांबीची पँट, घोट्यापर्यंतचे बूट, हातमोजे, हेल्मेट. सगळं अंग झाकलेलंच. ओढणी किंवा सैल अबाया मात्र दोऱ्यांत अडकते, म्हणून मैदानापर्यंत अबाया आणि उडताना अंगाबरोबर बसणारा पोशाख. बांगड्या, मंगळसूत्र, लांब कानातलं घरी. वेणी हेल्मेटच्या आत.

दुसरी गोष्ट, दोघांनी मिळून करायच्या उड्डाणाची. त्यात पायलट प्रवाशाच्या अगदी पाठीशी, एकाच पंखाला बांधलेला असतो. परक्या पुरुषाबरोबर असं उडणं तिकडे अवघड, आणि आपल्याकडेही पुष्कळ जणींना संकोच वाटतो. स्वतः शिकलं की हा प्रश्नच उरत नाही. शिक्षक जमिनीवर, तुम्ही वर.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटली. तिकडे घरांना उंच भिंती असतात, त्या आतल्या बायकांना अंगणात मोकळेपणानं वावरता यावं म्हणून. वरून उडणाऱ्याला ते अंगण दिसतं! म्हणून वस्तीवरून जायचं नाही. विमानतळ, लष्करी जागा, तेलाचे कारखाने यांच्या जवळ फिरकायचं नाही, फोटो तर मुळीच काढायचे नाहीत. वायरलेस संच नेतानाही आधी परवाना बघायचा.

आणि हे नियम एका दिवसात बदलू शकतात. २०२२ च्या जानेवारीत अबू धाबीवर ड्रोनचा हल्ला झाला, तेव्हा संयुक्त अरब अमिरातीनं काही दिवसांतच ड्रोन आणि हलकी क्रीडा-विमानं उडवायला बंदी घातली. कालपर्यंत चालत होतं म्हणून आज चालेल, असं परक्या आकाशात धरून चालता येत नाही.

धोका आहेच

गुलाबी चित्र रंगवणं बरं नव्हे. २०२५ च्या जानेवारीत गोव्यात केरीच्या पठारावरून निघालेलं दोघांचं उड्डाण कोसळलं. पुण्याची २७ वर्षांची तरुणी आणि तिचा पायलट, दोघंही गेले. सहलीला गेल्यावर "चल गं, पाच मिनिटांचं तर आहे" म्हणत कुणाच्याही हार्नेसमध्ये बसणाऱ्या आपणच असतो. बसण्याआधी एवढं विचारा: परवाना दाखवा. पायलटचं प्रमाणपत्र कुठलं? राखीव पॅराशूट आहे का? पंखाची तपासणी शेवटची कधी झाली? उन्हात वाळत घातलेली साडी विटते, तसं हे नायलॉनही उन्हानं कमजोर होतं. ते डोळ्यांना दिसत नाही, तपासूनच कळतं. उत्तर देताना कुणी वैतागला, तर खुशाल परत फिरा.

कामशेतला एक दुपार मी पाहिली. वन्संचा पंख अंथरलेला, दोऱ्या तपासलेल्या, हेल्मेट डोक्यावर. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी एकदम फडफडायला लागली. पुढचे दोन जाणकार पुरुष उडाले. मागे उभा असलेला एक जण म्हणाला, "जा ना ताई, काही होत नाही." वन्संनी नळीकडे बघितलं, गवताकडे बघितलं आणि हेल्मेट काढलं. "आज नाही," एवढंच म्हणाल्या आणि पंख गोळा करून घडी घालायला बसल्या. धाकटा भाचा हिरमुसला. मला मात्र त्या क्षणी त्यांचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा त्यांना आकाशात बघूनही वाटला नव्हता.

कारण बघा ना, इकाम्यावर 'अवलंबित' असा शिक्का असलेली ही बाई. कुठे जायचं, कधी जायचं, सारं आजवर दुसऱ्याच्या सोयीनं ठरलेलं. टेकडीवर मात्र निघायचं की नाही, हे नवरा ठरवत नाही, शिक्षकही शेवटी ठरवत नाही. ते तिचं तिलाच ठरवावं लागतं. आणि खरं शिक्षण 'हो' म्हणण्यात नाही, चार लोक बघत असताना 'नाही' म्हणण्यात आहे. ती सवय मग घरातही उतरते. पुढची सुट्टी कधी घ्यायची, पैसे कशात गुंतवायचे, यात आता वन्संचं मत विचारल्यावाचून काही ठरत नाही. "हवा बघून परत फिरते ना ती, मग मला घोर नाही," असं सासूबाई शेजारणीला सांगतात.

आपल्या पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ च्या एप्रिलमध्ये आयुष्यातली पहिलीच पॅराशूट उडी उत्तर ध्रुवावर मारली, उणे ३७ अंशांत. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०१८ मध्ये थायलंडला त्यांनी चक्क नऊवारी नेसून उडी मारली. असं धाडस लाखात एखादीचं. तुम्हाआम्हाला ध्रुवावर जायचं नाही. पण परदेशी चाललेली तुमची बहीण 'तिकडे मी दिवसभर करू काय?' असं विचारत असेल, तर तिला लोणच्याच्या बरणीबरोबर हेही सांगा: एक तरी गोष्ट अशी शीक, जिच्यात 'आज जायचं' आणि 'आज नाही' हे तुझं तूच ठरवशील. ती उडण्याचीच असली पाहिजे असं नाही. पण असलीच, तर आधी विम्याच्या अटी वाच, आणि वजन खरं सांग!