मोटारसायकलचा पुढचा दिवा

मोटारसायकलचा पुढचा दिवा : मोटारसायकलच्या अग्रभागी हँडलजवळ बसविलेला, रात्री रस्ता उजळणारा आणि समोरून येणाऱ्यास वाहनाची जाणीव करून देणारा दिवा. ही दोन कार्ये अंशतः परस्परविरोधी आहेत. चालकाला दूरवरचे दिसावे म्हणून जो प्रकाश पुढे फेकावयाचा, तोच समोरच्याचे डोळे दिपवितो. त्यामुळे दिव्याचा चांगलेपणा केवळ त्याच्या तेजावर नव्हे, तर प्रकाश कोठे पडतो व कोठे पडत नाही, यावर ठरतो.

आवश्यकता : मुंबईतील दादर व परळ यांच्या दरम्यान असलेल्या नायगावसारख्या वस्तीत रस्त्यांवर दिव्यांचा उजेड असतो, तेथे मोटारसायकलचा दिवा मुख्यतः इतरांना दिसण्यासाठी लागतो. तेथील चालक गणेशोत्सवासाठी रात्री कोकणाच्या वाटेला लागला किंवा, द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्याने, जुन्या महामार्गाने पुण्याकडे निघाला म्हणजे मात्र दिव्याच्या मर्यादा उघड होतात. ताशी ६० किमी. वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सु. १७ मी. पुढे जाते. अडथळा दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यातच २५ मी. अंतर कापले जाते; त्यापुढे थांबण्यास कोरड्या रस्त्यावरही सु. २८ मी. लागतात. म्हणजे ५३ मी. पलीकडचा खड्डा वा गुरे दिसली नाहीत, तर अपघात अटळ ठरतो. ताशी ८० किमी. वेगाला हेच अंतर सु. ८३ मी. होते.

रचना : दिव्यात प्रकाशस्रोत, परावर्तक व पुढील काच हे प्रमुख भाग असतात. परावर्तकाचा आकार सामान्यतः अन्वस्ताभ असून त्याच्या नाभीपाशी ठेवलेल्या स्रोताचा प्रकाश समांतर झोताच्या रूपाने बाहेर पडतो. प्रचलित बल्बात दोन तंतू असतात. दूरच्या झोतासाठी (बोलीभाषेत अप्पर) नाभीपाशी असलेला तंतू वापरतात. जवळच्या झोताचा (डिपर) तंतू नाभीच्या किंचित पुढे असून त्याच्याखाली धातूची लहान वाटी असते. ही वाटी परावर्तकाच्या खालच्या भागाकडे जाणारा प्रकाश अडविते. त्यामुळे वर जाणारे किरण निघतच नाहीत आणि झोताच्या वरच्या कडेला स्पष्ट सीमारेषा मिळते. तंतूच्या जागेत मिलिमीटरभर फरक पडला, तरी ही रेषा बिघडते.

प्रकाशस्रोत : राजदूत, जावा यांसारख्या जुन्या गाड्यांत ६ व्होल्टची विद्युत् योजना असे व प्रकाश पिवळसर व मंद पडे. पुढे १२ व्होल्टची योजना व हॅलोजन बल्ब रूढ झाले. दोन तंतूंचा एच४ हा हॅलोजन बल्ब यूरोपात १९७१ मध्ये आला. मोटारसायकलींत सर्रास आढळणारा ३५/३५ वॉटचा एचएस१ बल्ब दूरच्या झोतात सु. ८२५ व जवळच्या झोतात सु. ५२५ ल्यूमेन प्रकाश देतो. ६०/५५ वॉटचा एच४ अनुक्रमे सु. १,६५० व १,००० ल्यूमेन देतो. अलीकडे प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थांचे (एलईडी) दिवे प्रचारात आले आहेत. पुण्याच्या बजाज ऑटो कंपनीने पल्सर २२० (२००७) या गाडीत भिंगयुक्त दिवा, तर डॉमिनार ४०० (२०१६) मध्ये एलईडी दिवा वापरला.

विद्युत् दाब : तंतूच्या बल्बाचा प्रकाश विद्युत् दाबाच्या सु. ३·४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. बल्बाला १३ ऐवजी १२ व्होल्ट मिळाले, तर प्रकाश जवळजवळ पाव हिश्शाने घटतो. गंजलेली जोडणी, झिजलेला स्विच व बारीक तार यांच्या रोधामुळे असा व्होल्ट सहज वाया जातो. मंद दिव्याचा दोष पुष्कळदा बल्बात नसून तो वायरिंगमध्ये असतो. काही गाड्यांत दिव्यास प्रत्यावर्ती प्रवाह थेट पुरविला जाई. तेथे एंजिन मंदगतीत असता दिवाही मंदावत असे.

रोख : जमिनीपासून ०·९ मी. उंचीवरील दिव्याची सीमारेषा दर १० मीटरला १० सेंमी. खाली झुकत असेल, तर ती ९० मीटरवर रस्त्याला टेकते. मागे माणूस बसल्याने मागील निलंबन ४ सेंमी. दबले व दोन चाकांतील अंतर १·३ मी. असले, तर झोत सु. ३ टक्क्यांनी वर उचलला जातो. मग ३० मीटरवर सीमारेषेची उंची दीड मीटर होते व नेमकी समोरच्या चालकाच्या डोळ्यांशी येते. म्हणून नेहमीच्या ओझ्यासह, सपाट जागी, भिंतीवर सीमारेषा पाहून रोख जुळवावा लागतो.

सुधारणा : अंतर दुप्पट झाले की पृष्ठभागावरील प्रदीपन एकचतुर्थांश होते; त्यामुळे केवळ बल्बाची शक्ती वाढवून दृष्टीचा पल्ला फारसा वाढत नाही. प्रथम काच व परावर्तक स्वच्छ करणे, नंतर जोडण्या तपासून आवश्यक तर विद्युत् घटमालेपासून रिलेमार्फत जाड तारेने स्वतंत्र पुरवठा देणे, रोख जुळविणे व सर्वांत शेवटी बल्ब बदलणे, हा क्रम योग्य ठरतो. जास्त वॉटच्या बल्बाने स्विच व तारा तापतात, प्लॅस्टिकचा परावर्तक विरूपित होतो आणि प्रत्यावर्तक अपुरा पडल्यास घटमाला उतरते. हॅलोजनसाठी घडविलेल्या परावर्तकात एलईडी बसविल्यास स्रोताची जागा व आकार बदलतो. प्रकाश विखुरतो, चालकाच्या पुढचा भाग झगझगीत दिसतो, पण दूरचा रस्ता अंधारातच राहतो. निळसर प्रकाश समोरच्यास अधिक त्रासदायक वाटतो. हॅलोजन बल्ब बसविताना काचेला उघड्या बोटांचा स्पर्श टाळावा. तेलकट डागाने ती तापून फुटू शकते.

कायदा : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार दिव्यापासून ८ मी. पुढे, ०·५ मी. उजवीकडे व जमिनीपासून १·५ मी. उंचीवर डोळे असलेल्या व्यक्तीला न दिपविण्याइतका झोत कायम खाली वळविलेला असावा लागतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा एंजिन सुरू होताच आपोआप लागतो. त्यामुळे दिवसाही वाहन दिसते. परंतु चुकीच्या रोखाचा दिवा चालकाला बंदही करता येत नाही. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) ही संस्था वाहने व त्यांचे भाग यांच्या चाचण्या घेते. अशी चाचणी बल्ब, परावर्तक व काच यांच्या संपूर्ण जुळणीची होते. त्यांतील एकच भाग बदलला, तरी तिचा आधार उरत नाही.