आम्ही तर रोमन!

ऑक्टोबर १९१२मध्ये ग्रीक आरमाराने एजियन समुद्रातलं लेम्नॉस बेट ऑटोमन तुर्कांकडून घेतलं. गावोगावी सैनिक आले तशी पोरं त्यांना बघायला धावली. एका सैनिकाने विचारलं, काय बघताय रे? पोरं म्हणाली, एलिनेस कसे दिसतात ते बघतोय. आज सगळे ग्रीक स्वतःला याच नावाने ओळखतात. सैनिक चक्रावला. मग तुम्ही कोण? तुम्ही नाही का एलिनेस? उत्तर आलं, नाही, आम्ही रोमन! आणि हे सगळं संभाषण चाललं होतं ग्रीक भाषेत. त्या घोळक्यातला पीटर चारानिस पुढे अमेरिकेत बायझंटाईन इतिहासाचा प्राध्यापक झाला. ही आठवण त्यानेच सांगितलेली.

पोरांचं काही चुकलं नव्हतं. इ.स. २१२मध्ये सम्राट कॅराकॅलाने साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र माणसांना रोमन नागरिकत्व देऊन टाकलं. ३३०मध्ये राजधानी कॉन्स्टँटिनोपलला गेली. पश्चिमेकडचं रोम पाचव्या शतकात कोसळलं, पण पूर्वेकडचं साम्राज्य त्यानंतरही हजारेक वर्षं टिकलं. भाषा ग्रीक, धर्म ख्रिस्ती आणि नाव रोमन. आपण ज्याला बायझंटाईन म्हणतो ते राज्य स्वतःला कधीच तसं म्हणवत नव्हतं. एलिनेस म्हणजे तेव्हा झ्यूस-अथीनाला भजणारे, जुन्या देवांचे लोक. १४५३मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, तरी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती प्रजेला ऑटोमन दरबार ‘रूम’, म्हणजे रोमनच म्हणत राहिला.

मग प्राचीन ग्रीकांशी या लोकांना जोडणारा धागा कोणता? हेरोडोटसने ग्रीकपणाच्या खुणा सांगितल्या त्या रक्त, भाषा, देवस्थानं आणि चालीरीती. यातलं रक्त कुणी तपासावं? देव बदलले, रीती बदलल्या. भाषा मात्र चिवट निघाली. १९५२मध्ये मायकेल व्हेंट्रिस या तरुण इंग्रज वास्तुविशारदाने क्नोसॉस आणि पायलॉसच्या राजवाड्यांतल्या मातीच्या पाट्यांवरची लिपी उलगडली, तेव्हा खाली चक्क ग्रीक भाषा निघाली, होमरच्याही काही शतकं आधीची. मजकूर काय, तर मेंढ्या, लोकर, तेल यांचे हिशेब! राजवाडे आगीत जळाले आणि त्या आगीत या कच्च्या पाट्या भाजून निघाल्या, म्हणून कारकुनांचं हे दप्तर वाचलं. पुढे ती लिपी लोक पार विसरले आणि इ.स.पू. आठव्या शतकाच्या सुमारास फिनिशियन व्यापाऱ्यांकडून नवी अक्षरं घेतली. लिपी बदलली, बोलणं थांबलं नाही. तीन हजार वर्षांहून जास्त जुना लेखी पुरावा असलेल्या बोलत्या भाषा जगात बोटांवर मोजण्याइतक्याच.

(नाशिकच्या पांडवलेण्यांत उत्तरेकडून आलेल्या एका योनकाने, म्हणजे यवनाने किंवा ग्रीकाने, लेणं कोरून दिल्याचा शिलालेख आहे. त्याचं नाव इंद्राग्निदत्त, वडिलांचं धर्मदेव. नावात ग्रीक काहीच उरलेलं नाही, पण योनक ही ओळख मात्र त्याने दगडात कोरून ठेवली.)

पण भाषेचं हे उत्तरही पुरत नाही. १८२१मध्ये ग्रीकांचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं, तेव्हा ज्यांच्या जहाजांनी तुर्की आरमाराला जेरीस आणलं त्या हायड्रा आणि स्पेत्सेस बेटांवरचे कित्येक लोक घरात अल्बेनियनची बोली बोलत. १८२७मध्ये नवारिनोच्या लढाईत ब्रिटन, फ्रान्स आणि रशियाच्या गलबतांनी तुर्की-इजिप्शियन आरमार बुडवलं आणि १८३०मध्ये ग्रीस स्वतंत्र राष्ट्र म्हणून मान्य झालं. राजा मात्र बाहेरून आणला, बव्हेरियाचा सतरा वर्षांचा ओट्टो. १८३४मध्ये राजधानी अथेन्सला नेली, जे तेव्हा लहानसं, युद्धाने मोडकळीला आलेलं गाव होतं. पेरिक्लीसच्या प्राचीन अथेन्सचं नाव मोठं, एवढंच कारण. आणखी एक विचित्र गोष्ट अशी, की या नव्या राष्ट्रापेक्षा कितीतरी जास्त ग्रीक त्याच्या सीमेबाहेर, ऑटोमन मुलखातच राहत होते.

आता भाषाही प्राचीनांच्या तोलाची हवी, असा हट्ट सुरू झाला. विद्वानांनी घासूनपुसून काथारेवुसा नावाची शुद्ध ग्रीक घडवली आणि ती शाळा-कचेऱ्यांत बसवली. १९०१मध्ये एका वर्तमानपत्राने बायबलचं शुभवर्तमान साध्या बोलीत छापलं, तर अथेन्समध्ये दंगल उसळून आठ जण ठार झाले. लोकांच्या बोलीला सरकारदरबारी जागा मिळायला १९७६ उजाडलं.

सगळ्यात धक्कादायक हिशेब मात्र १९२३चा. आशिया मायनरमधल्या युद्धात ग्रीसचा पराभव झाल्यावर लोझानला ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीचा करार केला. कसोटी एकच, धर्म. पळून आलेले धरून बारा लाखांच्या आसपास ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले, साडेतीन-चार लाख मुसलमान तुर्कस्तानात गेले. आशिया मायनरमधले करामानली ख्रिस्ती तुर्कीच बोलत, ती तुर्की ग्रीक अक्षरांत लिहीत. ते ‘मायदेशी’ उतरले तेव्हा बाजारात भावही विचारता येईना. उलट क्रीटचे मुसलमान ग्रीक बोलत तुर्कस्तानात उतरले.

जेमतेम पन्नास लाखांच्या देशात एवढे निर्वासित आले, की अथेन्सभोवती नेआ स्मिर्नी, नेआ इओनिया अशी हरवलेल्या शहरा-मुलखांच्या नावांची उपनगरं वसली. कॉन्स्टँटिनोपलहून आलेल्यांनी १९२४मध्ये अथेन्समध्ये एईके हा फुटबॉल क्लब काढला. त्याच्या पिवळ्या जर्सीवर आजही बायझंटाईन सम्राटांचा दोन डोक्यांचा गरुड आहे, आणि क्लबच्या नावातला ‘के’ अजून कॉन्स्टँटिनोपलचाच.