हळर्णचं लाल पाणी आणि बॅरनचा निळा समुद्र

आषाढात हळर्णच्या किल्ल्याजवळ शापोरा नदी लाल होऊन वाहते. तिळारीपासून दोडामार्ग, पेडण्यापर्यंतच्या डोंगरउतारांची माती पोटात घेऊन ती मोरजीपाशी समुद्रात उतरते. अंदमानातल्या बॅरन बेटाबद्दल लिहायला बसलो तेव्हा मला आधी हे पाणी आठवलं.

२०२५च्या १३ आणि २० सप्टेंबरला बॅरनचा ज्वालामुखी पुन्हा धुमसला. धुराचे ते व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. त्यानंतर ओळखीच्या दोघातिघांनी मला एकच गोष्ट विचारली: तिथे डायव्हिंगला जाता येतं ना? येतं. पण बोटीवरच राहावं लागतं. श्री विजयपुरम, म्हणजे कालपर्यंतचं पोर्ट ब्लेअर, तिथून हे बेट सुमारे १४० किलोमीटरवर आहे. तिथे वस्ती नाही, धक्का नाही, किनाऱ्यावर पाय ठेवायची मुभा नाही. त्यामुळे जेवण, झोप, टाक्या भरणं सगळं बोटीवर, आणि दिवसातून तीन-चार वेळा पाण्यात. याला लिव्हअबोर्ड म्हणतात. पिढ्यान् पिढ्या तारवटी घडवणाऱ्या गोव्याला बोटीवरच्या संसाराचं नवल वाटू नये.

मग एवढ्या लांब जायचंच कशाला, आपलं ग्रांडे बेट काय वाईट आहे? याचं उत्तर शापोरेच्या लाल पाण्यात आहे. शापोरा, मांडवी, जुवारी या नद्या आपल्या किनाऱ्यावर गाळ आणून टाकतात. गढूळ पाण्यात ऊन खोल पोचत नाही, आणि प्रवाळाच्या पोटात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला ऊनच लागतं. वरून गाळ बसला की प्रवाळाचा श्वास कोंडतो. बॅरनवर नदी नाही, शेत नाही, खाण नाही. पाण्यावर दिसणारा ३५४ मीटरचा डोंगर हा नुसता शेंडा आहे. पायथा दोन हजार मीटरपेक्षा जास्त खोल आहे. कड्यावरून जी राख घसरते ती थेट त्या खोलीत जाते. म्हणून तिथलं पाणी इतकं नितळ.

ज्वालामुखी म्हणजे सगळं जाळून टाकणारा, ही आपली समजूतही अर्धीच खरी. इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर बांदा आपी नावाचा ज्वालामुखी आहे. आपल्या मसाल्यातल्या जायफळाचं मूळ गाव हेच; गोवा आणि मलाक्का घेतल्यावर पोर्तुगीज १५१२मध्ये त्या जायफळासाठी तिथे पोचले होते. १९८८मध्ये बांदा आपीचा लाव्हा समुद्रात उतरला आणि वाटेतलं प्रवाळ संपलं. पाच वर्षांनी शास्त्रज्ञांनी पाहिलं तर त्या नव्या खडकावर प्रवाळाच्या शंभराहून जास्त जाती वाढलेल्या होत्या, काही चांगल्या हातभर रुंद. कोरा टणक खडक, वाहतं स्वच्छ पाणी आणि शेजारी जिवंत प्रवाळ असलं की समुद्र जखम अशी भरून काढतो. ही गोष्ट मला डायव्हिंगच्या कुठल्याही थरारापेक्षा मोठी वाटते.

आणि बॅरनशी गोव्याचं नातं पर्यटनापुरतं नाही. २३ जानेवारी २०१७ रोजी दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं ‘सिंधू संकल्प’ हे जहाज बेटाजवळ समुद्रतळाचे नमुने गोळा करत होतं. अभय मुधोळकर जहाजावरच्या शास्त्रज्ञांच्या चमूचे प्रमुख होते. अचानक राख उडू लागली. जहाज मैलभर मागे सरकलं आणि तिथूनच त्यांनी निरीक्षण सुरू केलं. पाच-दहा मिनिटांचे छोटे उद्रेक होत होते. दिवसा राखेचे ढगच दिसले; सूर्य मावळल्यावर लाव्ह्याची लाल कारंजी आणि उतारावरून ओघळणारे प्रवाह दिसू लागले. तीन दिवसांनी, २६ जानेवारीच्या पहाटे, संस्थेचे शास्त्रज्ञ पुन्हा तिथे गेले आणि कोळशासारखे काळे तुकडे घेऊन आले. १७८७मध्ये पहिली नोंद झालेला आणि १८३२नंतर दीडशेहून अधिक वर्षं निजलेला हा डोंगर १९९१पासून अधूनमधून जागा होतोच आहे. दर वेळी तो वेळापत्रक देऊन जागा होणार नाही. म्हणून मैलभर मागे सरकण्याची ती शिस्त मला फार मोलाची वाटते. सहलीच्या बोटींनीही ती पाळायला हवी.

हे सगळं आपल्याला परकंही नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरचा काळा पाषाण हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. ज्या तप्त स्रोतातून तो आला त्याच्यावरून आपला भूखंड उत्तरेकडे सरकत गेला, आणि मागे समुद्रात लक्षद्वीप, मालदीवखालची डोंगररांग उरली. तोच स्रोत आज रियुनियन बेटावर पेटलेला आहे. मालदीवच्या लिव्हअबोर्डवरचा मराठी पाणबुड्या सह्याद्रीच्या भाऊबंदांवरूनच पोहत असतो.

आता जाणाऱ्यांसाठी. मालवणला शिकवणाऱ्याचा हात धरून मारलेली एक बुडी म्हणजे तयारी नव्हे. तीस मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या चौपट असतो. तिथून घाईने वर आलात तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, आणि त्यावर उपचार करणारी दाबाची खोली बॅरनपासून रात्रभराच्या प्रवासावर असते. आधी रीतसर शिका, तारकर्लीत शिका, नेत्राणीला सराव करा. शेवटच्या बुडीनंतर किमान १८ तास विमानात बसू नका.

बोटही पारखून घ्या. २ सप्टेंबर २०१९ला कॅलिफोर्नियाजवळ ‘कन्सेप्शन’ या डायव्हिंग बोटीला पहाटे आग लागली आणि खाली झोपलेली ३४ माणसं गेली. रात्री पहाऱ्यावर कोणीच नव्हतं. पैसे भरण्यापूर्वी बोटवाल्याला तीन गोष्टी विचारा: रात्री जागं कोण असतं, झोपायच्या जागेतून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, आणि संडासाचं पाणी व कचरा कुठे जातो. तिसरा प्रश्न आपल्या जिवासाठी नाही, त्या पाण्यासाठी आहे. तो विचारायला विसरू नका.