चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

अतिसाराने मूल दगावते, तेव्हा बहुतेक वेळा मृत्यूचे कारण असते ते शरीरातून निघून गेलेले पाणी आणि क्षार. नुसते पाणी पाजून ही तूट भरून निघत नाही, कारण आजारी आतडे ते पुरेसे शोषून घेत नाही. मात्र आतड्याच्या पेशींमध्ये एक वाट अशी आहे, की जिच्यातून मिठातील सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात आणि त्यांच्यामागून पाणीही ओढले जाते. कॉलऱ्यातसुद्धा ही वाट बंद पडत नाही. जलसंजीवनीचे सारे शास्त्र या एका गोष्टीत आहे.

१९६८ साली ढाक्यात डेव्हिड नलिन व रिचर्ड कॅश यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांवर या उपचाराची यशस्वी चाचणी घेतली. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच द्रावण रुग्णांना पाजण्यास नातेवाइकांना सांगितले. एरवी ३० टक्क्यांपर्यंत जाणारे मृत्यूचे प्रमाण तेथे ४ टक्क्यांच्याही खाली आले.

उपाय सापडला, पण तो खेड्यातील आईपर्यंत पोहोचायचा कसा? बांगलादेशात ‘ब्रॅक’ या स्वयंसेवी संस्थेने १९८० साली हे काम हाती घेतले. तयार पुड्या सर्वत्र मिळत नव्हत्या, आणि पुष्कळ आयांना वाचता येत नव्हते. म्हणून घरातल्याच वस्तू निवडल्या: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर, म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर, पाणी. गुळातील साखरेपासून आतड्यात ग्लुकोज मिळते. मीठ जास्त पडले तर ते मुलाला अपायकारक ठरते, म्हणून मापाला फार महत्त्व होते.

प्रशिक्षित कार्यकर्त्या घरोघरी जात. त्या भाषण देत नसत. आईला दहा मुद्दे समजावून सांगत आणि द्रावण तिच्याच हातून करवून घेत. घरातल्याच भांड्यावर अर्ध्या शेराची खूण करून देत.

शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे असा भाग यापुढे आहे. सुमारे महिन्याभराने दुसरी व्यक्ती काही निवडक घरी जाऊन आईला तेच मुद्दे विचारी आणि द्रावण करायला लावी. त्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जात. कार्यकर्तीचा मोबदला आईला किती आठवले यावर ठरत असे. परीक्षा आईची, पण गुण शिकवणारीला! साहजिकच आपण किती घरे केली यापेक्षा आईला किती समजले, इकडे कार्यकर्तीचे लक्ष राहिले.

तरीही सुरुवातीला एक कोडे पडले. आयांना कृती बिनचूक येत होती, पण मूल आजारी पडले की फार थोड्या आया द्रावण देत. चौकशीत दोन कारणे पुढे आली. खुद्द अनेक कार्यकर्त्यांचाच या साध्या पाण्यावर विश्वास नव्हता. स्वतः आजारी पडल्या की त्या औषधाच्या गोळ्या घेत. शिवाय घरातल्या पुरुषांना कोणी काही सांगितलेच नव्हते. मग कार्यकर्त्यांना द्रावण कसे काम करते, हे नीट समजावले गेले. बाजारात, मशिदींत आणि शाळांतही सभा घेण्यात आल्या. वापर हळूहळू वाढला. १९९० पर्यंत सव्वा कोटीच्या आसपास घरी हे शिक्षण पोहोचले होते. आज अतिसारात जलसंजीवनी वापरण्यात बांगलादेश जगातील अग्रेसर देशांत गणला जातो.

कृती पाठ होणे आणि ती वेळेवर उपयोगात आणणे यांत अंतर असते, हे वर्गात आपणही पाहतो. ‘असे करा’ याबरोबर ‘असे का’ हे कळले, आणि सांगणाऱ्याचा स्वतःचा विश्वास असला, तरच ते अंतर मिटते.

आता जलसंजीवनीच्या प्रमाणित पुड्या सहज मिळतात. शक्यतो त्याच पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात विरघळवाव्यात. अंगावरचे दूध आणि नेहमीचे खाणे चालू ठेवावे. मूल सुस्त झाले, पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त पडू लागले, तर वेळ न दवडता दवाखाना गाठावा. वर्गात विद्यार्थ्यांना एवढे सांगून थांबू नये. प्रत्येकाकडून द्रावण करवून घ्यावे आणि महिन्याभराने पुन्हा विचारावे.