बेसची खरखर आणि तिसरी पिन

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की सणसर, बेलवाडी मागं टाकून लासुर्णे येतं. नीरा डाव्या कालव्याचा हा पट्टा. दोन्ही अंगांना ऊस, आषाढीला याच रस्त्यानं तुकोबांची पालखी, आणि जंक्शनहून आत वळलं की वालचंदनगर, जिथल्या कारखान्यात साखरेच्या यंत्रांबरोबर इस्रोच्या अग्निबाणांची कवचंही घडली. अशा मुलखात मला पाठवलं होतं ते बेस गिटारसाठी. संपादकांचं म्हणणं असं, की जत्रेतले ऑर्केस्ट्रे, हळदीचे कार्यक्रम, भीमजयंतीच्या गाण्यांचे मंच इथं ऑक्टोपॅड आणि कीबोर्डच्या मागं कुणीतरी बेस घेऊन उभा असतो. ती गिटार खरखरायला लागली तर पुण्या-मुंबईबाहेर तिच्याकडं बघतं कोण?

विहिरीवरच्या मोटारी भरणारा माणूस बघतो. दुकानात जळालेल्या मोटारींचे सांगाडे, वॉर्निशचा वास, भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं. त्यात एका कोपऱ्यात फोमवर आडवी ठेवलेली चार तारांची काळी गिटार बघितली की क्षणभर चुकल्यासारखं होतं. पण विचार केला तर ती तिथंच शोभते. मोटारीत तांब्याची वेटोळी असतात आणि बेसच्या पिकअपमध्येही तांब्याचीच वेटोळी असतात, फक्त ती तार केसाइतकी बारीक आणि वेढे हजारोंनी. वेटोळ्यात लोहचुंबक, वर पोलादी तार. तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेटोळ्यात क्षीणसा विद्युत्प्रवाह उमटतो. ध्वनी असा काही त्यात नसतोच. गिटारच्या पोटातून बाहेर पडते ती व्होल्टच्या काही शतांश-दशांश भागांची थरथर, आणि तिचा डोंगर करायचं काम अँप्लिफायरचं. वाटेत जे काही घाणेरडं मिसळतं त्याचाही डोंगरच होतो.

इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. १९३० च्या दशकात सिएटलच्या पॉल टुटमार्क यांनी आडवी धरायची, पडदे असलेली विजेची बेस बनवली, पण ती फारशी चालली नाही. चालली ती १९५१ ची लिओ फेंडर यांची ‘प्रिसिजन बेस’. हे फेंडर कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचे आणि त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वाद्य दुरुस्तीच्या टेबलावरून जन्मलेलं असल्यामुळं ते उघडायलाही सोपं: काही स्क्रू काढले की सगळं पोट समोर. मुंबईत आर. डी. बर्मन यांच्या ध्वनिमुद्रणांत टोनी वाझ यांच्या बेसनं हिंदी गाण्याला खालचा मजला दिला, आणि कॅसेटमधून तो मजला खेड्यापाड्यांतल्या कानांत उतरला. आज जत्रेतल्या श्रोत्याला बेस वाजतोय हे कळत नाही, तो थांबला की मात्र काहीतरी गेलं हे लगेच कळतं.

आता दुखण्याकडं. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. तिसऱ्या पडद्यावर बोट ठेवलं की ४९ वेळा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. म्हणजे ट्रान्सफॉर्मर, चोक, तारा जी गुणगुण करतात ती थेट बेसच्या घरातच राहायला येते. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर महावितरणची वीज पांढरी पाचमध्ये गाते, किंचित चढी. सनईवाल्याला किंवा गायकाला ही गुणगुण मिक्सरवर खालचे स्वर कापून घालवता येते. बेसवाल्यानं खालचे स्वर कापले तर त्याच्याकडं उरतं काय? म्हणून त्याला दोष मुळातून शोधावाच लागतो.

गिटार घेऊन आलेला मुलगा आसपासच्याच एका ऑर्केस्ट्रात वाजवणारा. त्याचं गाऱ्हाणं गुणगुणीचं नव्हतं, खरखरीचं होतं. तीही सतत नाही.

“मामा, स्टेजवर नुसतं तडतडतंय. हितं बघा, एकदम गप.”

“दुकानात आल्यावर सगळीच गप बसत्यात,” मामा म्हणाले. “मोटारीबी.”

अधूनमधून येणारा दोष हा दुरुस्तीच्या धंद्यातला खरा छळवाद. कायमचा तुटलेला भाग मीटरला सापडतो. कधी जोडलेला, कधी सुटलेला भाग मीटर लावेपर्यंत शहाणा होतो. त्यावर या दुकानातला उपाय मला फार आवडला. मामा काही दुरुस्त करायला गेलेच नाहीत. आधी त्यांनी गिटार बाजूला काढली आणि नुसता अँप चालू ठेवला. गप. मग केबल लावून तिचं मोकळं टोक हलवलं. केबल दोन्ही पिनांपाशी वाकवून बघितली, कारण केबल मधे क्वचित तुटते, पिनेच्या मानेपाशीच तुटते. मग गिटार लावली आणि आवाजाचं बटण पार शून्यावर नेलं. ही चाचणी फार सोपी आणि फार हुशार आहे. बटण शून्यावर असताना सिग्नलची तार थेट अर्थला टेकलेली असते, म्हणजे पिकअप आणि त्याच्या आधीचं सगळं खेळातून बाद. तरीही खरखर आली तर दोष बटणाच्या पुढं: जॅक, केबल किंवा अँप. खरखर थांबली तर मागं. एका बटणानं अर्धी गिटार निर्दोष सुटते.

बटण शून्यावर ठेवून त्यांनी लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरनं जॅकपाशी हलकेच टकटक केलं. स्पीकरनं फटाक्यासारखा आवाज काढला. मुलगा एवढा खूश झाला की जणू गिटार दुरुस्तच झाली.

हा जॅक मला दिवसभर पुरला असता. पाव इंच जाडीची ही पिन आणि तिचं भोक एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्सचेंजमधून आलंय. तिथं ऑपरेटर बायका एक जोडणी काढून दुसरी लावायच्या. आपल्याकडं दुकानदार तिला अजून ‘पी-३८’ म्हणून ओळखतात. जगातली बाकी इलेक्ट्रॉनिक्स शंभर वेळा बदलली, ही तशीच. रचना अगदी साधी: बाहेरची कडी म्हणजे अर्थ, आणि पिनेच्या टोकावर दाबून बसणारी पितळी पट्टी म्हणजे सिग्नल. पट्टीच्या स्प्रिंगवर सगळा कारभार.

बिघाड असा होतो. वादक नाचतो, केबल ओढली जाते, जॅकची चकती सैल होते. वादक बोटांनी चकती आवळतो, पण आतला जॅक धरायला कुणी नसतं, म्हणून चकतीबरोबर अख्खा जॅक आत फिरतो. त्याच्या दोन तारा एकमेकींना पीळ देतात. असं दहा कार्यक्रमांत दहा वेळा झालं की सोल्डरचा डाग आतून तडकतो. बाहेरून तो चकचकीत दिसतो. हाताच्या दाबानं जोडतो, धक्क्यानं सुटतो. स्टेजवर धक्के असतात, दुकानातल्या फोमवर नसतात. म्हणून दुकानात गप.

मामांनी तारा सोडवल्या, जॅकच्या कडा काचकागदानं घासल्या, जुनं शिसं पूर्ण काढून नवा डाग दिला. स्प्रिंगची पट्टी नखभर आत वाकवली. जॅकखाली दातेरी वॉशर घातला, म्हणजे पुन्हा फिरायचा नाही. मग आतून पक्कड लावून बाहेरची चकती आवळली. “आतनं धरल्याबिगर आवळायचं नाय,” एवढं एकच वाक्य त्यांनी मुलाला दोनदा ऐकवलं.

आवाजाच्या बटणाखालचा पॉट हे दुसरं ठिकाण. त्यात घोड्याच्या नालेसारखी कार्बनची पट्टी आणि तिच्यावरून सरकणारं धातूचं बोट. धूळ बसली, कार्बन झिजला की बोट उड्या मारतं आणि बटण फिरवताना कर्रकर्र होतं. उसाच्या पट्ट्यात गळीत हंगामात पाचट जळतं, काजळी हवेतून उडत वाळत घातलेल्या धुण्यावर बसते; पॉटला ती सोडेल असं नाही. यावर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बटण पंधरा-वीस वेळा फिरवायचं. बिजागऱ्यांचा तेलकट स्प्रे मारणारे भेटतात; आठवडाभर बरं वाटतं, मग त्या तेलावर धूळ आणखी चिकटते. नवा पॉट घालूनही करकर राहिली आणि गिटार बॅटरीवाली असेल, तर आतल्या कपॅसिटरमधून डीसी गळतोय का बघावं. बॅटरीवाल्या बेसमध्ये पिन घातली की बॅटरी चालू होते, म्हणून रात्री पिन तशीच ठेवणाऱ्याची ९ व्होल्टची बॅटरी संपते आणि तिच्या सैल टोपीमुळंही फटफट आवाज येतात.

आणि एक खरखर अशी की तिच्यात काहीच बिघडलेलं नसतं. इंदापूर तालुका पर्जन्यछायेतला. माघापासून हवा कोरडी ठक्क होते, आणि जत्रांचा हंगामही तोच. ऑर्केस्ट्रावाल्यांचे चमकदार पॉलिएस्टर शर्ट, नायलॉनचा पट्टा, गिटारवरचं प्लॅस्टिकचं कवच. वादकाचं मनगट त्यावर घासलं की स्थिर वीज साचते आणि पिकअपमधून तडतडते. पावसाळ्यात हा दोष नाहीसा होतो, त्यामुळं लोक बिचाऱ्या पिकअपला दोष देतात. ओल्या फडक्यानं कवच पुसलं की तेवढ्यापुरतं थांबतं. कवचाच्या आतल्या बाजूला फॉइल चिकटवून ते अर्थला जोडलं की बहुतेक कायमचं. सुती शर्ट हाही उपायच आहे, पण तो ऑर्केस्ट्राच्या मालकाला कोण सांगणार?

इथवर सगळं मजेचं. खरं ओझं पुढं आहे, आणि त्याबद्दल बोलताना मामांचाही आवाज बदलला.

गिटारच्या तारा खालच्या पुलावरून एका वायरनं अर्थला जोडलेल्या असतात. ती वायर केबलच्या जाळीतून अँपच्या सांगाड्याला आणि तिथून प्लगच्या तिसऱ्या पिनेला जाते. म्हणून तारांना हात लावला की गुणगुण कमी होते. हात लावल्यावर ती वाढली तर पुलाची वायर तुटलेली असते किंवा जॅकवरच्या तारा उलट लागलेल्या असतात. वायर धड असली म्हणजे वादकाचे हात कायम अर्थला टेकलेले असतात. हे चांगलंच, जोवर समोरचा माइकही त्याच अर्थला आहे.

जत्रेच्या मंडपात तसं असतंच असं नाही. साउंडवाल्याची लाइन शेजारच्या घरातून, अँपची जनरेटरवरून, रोषणाईची कधी थेट खांबावर आकडा टाकून. दोन अर्थ वेगळे झाले की गुणगुण वाढते, आणि तिच्यावरचा गावठी इलाज सगळ्यांना ठाऊक: प्लगची तिसरी पिन मोडून टाका, गुणगुण जाते. ती जाते हे खरंच. पण ती पिन बाकी दोघींपेक्षा लांब आणि जाड केलेली असते, कारण प्लग घालताना तिनं सगळ्यात आधी लागावं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावं. ती मोडल्यावर अँपमध्ये कुठं फेज सांगाड्याला टेकली तर ती वीज तारांत येते, तारांतून हातात, आणि वादक माइकपाशी गायला वाकला की ओठांतून बाहेर. हात ते ओठ या वाटेत छाती असते. १९७२ साली स्वान्सीमधल्या कार्यक्रमात ‘स्टोन द क्रोज’चा गिटारवादक लेस्ली हार्वी मंचावरच विजेच्या धक्क्यानं गेला. ‘यार्डबर्ड्स’चा कीथ रेल्फ १९७६ साली घरीच, विजेची गिटार वाजवताना.

खड्ड्यातली अर्थिंगही नावालाच असते. कोळसा-मीठ घालून पट्टी पुरलेली असते, पण उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, खड्ड्यात कुणी पाणी ओतत नाही, आणि पट्टीचा मातीशी संबंध नाममात्र उरतो. मामा गावातल्या कार्यक्रमाला गेले की मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून एक टोक गिटारच्या तारेला आणि दुसरं माइकच्या जाळीला लावून बघतात. काट्याचं किंवा आकड्याचं मीटर, कुठलंही चालतं. एक-दोन व्होल्ट दिसले तर ठीक. पन्नास-शंभर दिसले तर ते बेसवाल्याला खाली उतरायला लावतात, मग आयोजक कितीही तणतणोत. नुसत्या टेस्टरच्या लुकलुकणाऱ्या दिव्यावर ते विश्वास ठेवत नाहीत.

गुणगुणीवर सुरक्षित इलाज आहे आणि तो महागही नाही. बेस आणि मिक्सर यांच्यामध्ये डीआय बॉक्स लावायचा आणि त्याचं ग्राउंड-लिफ्टचं बटण दाबायचं. त्यानं सिग्नलच्या केबलमधला अर्थ तुटतो, विजेचा नाही. गुणगुण थांबते आणि माणूस वाचतो. मंडपवाल्याच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असला तर गळती होताच लाइन खाली बसते. कार्यक्रम चालू असताना लाइन गेली म्हणून चिडून तो काढून टाकणारे वायरमनही याच मंडपांत असतात.

जत्रेच्या आणि गणेशोत्सवाच्या मंडळांना एवढंच सांगणं आहे: ऑर्केस्ट्राची सुपारी देताना कलाकार किती, लाइट किती हे विचारता, त्याच दमात अर्थिंग आणि आरसीसीबी कोण बघणार तेही विचारा आणि त्याचं नाव लिहून घ्या. आणि बेसवाल्या पोरांनो, तिसरी पिन मोडलेला प्लग स्टेजवर दिसला तर तो बदलेपर्यंत गिटार खांद्याला लावू नका.