विश्लेषण : पुस्तके मोबाइलवर, मग ग्रंथालयाला नवी इमारत कशाला?

नगरपालिकेच्या सभेत नव्या ग्रंथालयाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : आता सगळे मोबाइलवर मिळते, मग विटा-सिमेंटवर कोट्यवधी रुपये कशाला घालायचे? प्रश्न गैर नाही. मात्र त्याचे उत्तर पुस्तकांपेक्षा जागेत अधिक आहे.

चेन्नईत काय घडले?

चेन्नईच्या कोट्टूरपुरम भागात आठ एकरांवर अण्णा शताब्दी ग्रंथालय १५ सप्टेंबर २०१० रोजी सुरू झाले. नऊ मजले, सुमारे १२ लाख पुस्तके मावतील अशी रचना. पुढच्याच वर्षी सत्ताबदल झाला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये नव्या सरकारने ग्रंथालय दुसरीकडे हलवून तिथे मुलांचे रुग्णालय करण्याचे जाहीर केले. मुलांच्या रुग्णालयाला विरोध कोण करणार? तरीही लोक न्यायालयात गेले आणि मद्रास उच्च न्यायालयाने काही दिवसांतच स्थगिती दिली. ग्रंथालय आजही तिथेच आहे.

मोबाइलच्या प्रश्नाचे उत्तर याच इमारतीत सापडते. इथे स्वतःची पुस्तके आणून वाचणाऱ्यांसाठी वेगळा विभाग आहे. पुस्तक वाचकाचे, ग्रंथालयाचे फक्त टेबल, दिवा आणि शांतता. दोन खोल्यांच्या घरात टीव्ही सुरू असताना अभ्यास करणाऱ्याला नेमके हेच मिळत नाही, फोन कितीही महागडा असला तरी.

जुन्याच इमारतीत चार कपाटे वाढवली तर?

इथे थोडे गणित करावे लागते. भारतीय मानक ‘आयएस ८७५’नुसार राहत्या खोलीची जमीन प्रति चौरस मीटर सुमारे २०० किलो भार धरून आखतात. पुस्तकांचे रॅक असलेल्या दालनासाठी तोच आकडा किमान ६०० किलो आहे, तोही २.२ मीटर उंचीपर्यंत. त्याहून उंच रॅक असतील तर दर मीटरमागे आणखी सुमारे २०० किलो. म्हणजे जुन्या वाड्याच्या किंवा राहत्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर भिंतीभर रॅक लावणे ही निव्वळ गैरसोय नव्हे, तो धोका आहे. ओल, वाळवी आणि कसर यांचा हिशेब वेगळाच.

अभ्यासिकांची गर्दी काय सांगते?

स्पर्धा परीक्षा देणारी मुले महिन्याचे पैसे भरून खासगी अभ्यासिकांत बसतात. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या जुन्या राजिंदर नगरात एका कोचिंग केंद्राच्या तळघरात पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. त्या तळघरात ग्रंथालय चालत होते. परवानगी मात्र साठवणुकीची होती. सार्वजनिक खुर्ची उपलब्ध नसली की माणूस मिळेल तिथे बसतो. मागणी आहे की नाही, हा प्रश्न त्यामुळे फारसा उरत नाही.

पैसा कुठून येणार?

खरी अडचण इथे आहे. महाराष्ट्रात १९६७चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, पण त्यात ग्रंथालय कर नाही. बहुतेक ग्रंथालये स्थानिक संस्था चालवतात आणि सरकार वर्गवारीनुसार अनुदान देते. २०२२ मध्ये त्यात ६० टक्के वाढ झाली. त्यानंतर ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजारांवर गेले. महिन्याला चार हजार रुपये. त्यात ग्रंथपालाचे मानधन, पुस्तके, वर्तमानपत्रे आणि वीजबिल. यातून इमारत उभी राहील, अशी अपेक्षा कुणी करणार नाही.

तमिळनाडूत मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर घेतला जातो. १९४८च्या कायद्यापासूनची ही तरतूद आहे. त्याच राज्यात जुलै २०२३ मध्ये मदुराईला आणखी एक मोठे ग्रंथालय सुरू झाले. गोव्याची वाट तर अगदी गोव्याची : तिथल्या १९९३च्या कायद्यात ग्रंथालयांसाठी दारू आणि बिअरवर अधिभाराची तरतूद आहे. १८३२ मध्ये सुरू झालेले पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय आता पाटो येथील प्रशस्त इमारतीत आहे.

महाराष्ट्रातील संस्थांपुढे तूर्त दोन वाटा आहेत. कोलकात्यातील राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान इमारतीसाठी अर्थसाहाय्य देते आणि खासदार निधीतूनही सार्वजनिक ग्रंथालयाची इमारत बांधता येते.

प्रस्तावात काय असावे?

बहुतेक प्रस्तावांत ग्रंथसंख्या ठळक असते. ती सभेत कुणालाच पटत नाही, कारण मोबाइलचा मुद्दा लगेच पुढे येतो. त्याऐवजी खुर्च्या किती, रात्री किती वाजेपर्यंत उघडे, मुलींसाठी स्वच्छतागृह आणि परतीची बस आहे का, वृद्धांसाठी रॅम्प आहे का, हे आकड्यांसह मांडावे. जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट सोबत जोडावे. आणि उद्घाटनानंतरचे वीजबिल कोण भरणार, हे पहिल्याच पानावर लिहावे.