संगणकाच्या पोटात : भाग १४ – थ्रेडला शेजारी थ्रेडचा डीबगर का होता येत नाही?

मागच्या भागात एका प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड कसे नांदतात ते पाहिलं. मेमरी सामाईक, उघडलेल्या फाइली सामाईक, फक्त प्रत्येकाची वाटचाल वेगळी. मग एखादा थ्रेड भलतंच काही करत असेल, तर त्याच प्रोसेसमधल्या दुसऱ्या थ्रेडला डीबगर म्हणून का नेमू नये? बघायचं ते सगळं त्याच्यासमोरच तर आहे!

लिनक्सवर हे करून पाहा. कर्नल साफ नकार देतो. जीडीबीसारखे डीबगर ज्या पीट्रेस या सिस्टीम कॉलवर चालतात, त्यात जोडणीच्या आधीच एक तपासणी आहे. दोन्ही थ्रेड एकाच थ्रेडगटातले, म्हणजे एकाच प्रोसेसमधले, निघाले, तर उत्तर येतं ‘परवानगी नाही’. तुम्ही रूट असलात तरी तेच. म्हणजे ही अट सुरक्षेपोटी आलेली नाही. एका प्रोसेसमधल्या थ्रेडनी एकमेकांची मेमरी वाचायला कर्नलची काहीच हरकत नसते. हरकत आहे ती थांबवण्याला.

डीबगरचं खरं काम थांबवणं हेच असतं. ब्रेकपॉइंट आला की थ्रेड गोठवायचा, रजिस्टर वाचायचे, पुढे सोडायचं. पण लिनक्समध्ये थांबण्याचे आणि मरण्याचे बरेच नियम एकेका थ्रेडला नव्हे, तर अख्ख्या गटाला लागू होतात. एसआयजीस्टॉप सिग्नल आला की सगळा गट थांबतो. त्याच गटातला डीबगरही थांबला, तर बाकीच्यांना पुढे सोडणार कोण? एका थ्रेडने एक्झेक करून नवा प्रोग्राम चढवला, तर बाकीचे सगळे थ्रेड संपवले जातात, डीबगरसकट.

दुसरी अडचण लॉकची. प्रोग्रामला मेमरी हवी असली की तो मॅलॉक बोलावतो आणि मॅलॉक आतमध्ये लॉक घेतो. नेमका लॉक हातात असतानाच एखादा थ्रेड गोठवला आणि मग डीबगर थ्रेडलाही मेमरीची गरज पडली, तर? मोंढ्यातल्या हळदीच्या गोदामाची एकुलती किल्ली ज्याच्या खिशात, त्यालाच खोलीत कोंडून आपण गोदामाच्या दाराशी उभं राहावं, तशी ही गत. डीबगर लॉकची वाट पाहतो, लॉकवाला डीबगरची. या कोंडीलाच डेडलॉक म्हणतात. विंडोजमध्ये एका थ्रेडला त्याच प्रोसेसमधला दुसरा थ्रेड स्थगित करता येतो. पण ही सोय मुख्यतः डीबगरसाठी आहे, थ्रेडचा ताळमेळ राखायला ती वापरू नका, असं मायक्रोसॉफ्ट बजावतं. कारण हेच डेडलॉक.

यातून वाट काढलेलीही आहे. मेमरीची गळती शोधणारं लीकसॅनिटायझर हे साधन क्लोन कॉलने एक नवी प्रोसेस काढतं. तिची मेमरी मूळ प्रोग्रामशी सामाईक, पण थ्रेडगट वेगळा. मग ती बाहेरची ठरते आणि पीट्रेसला चालते. तरी पथ्य सुटत नाही: मूळ थ्रेड थांबलेले असताना तिने मॅलॉकच्या वाटेला जायचं नाही. शिवाय एका थ्रेडला एका वेळी एकच डीबगर असू शकतो. म्हणून जीडीबीखाली चालवलं की लीकसॅनिटायझर काम करत नाही. उबुंटूवर आणखी एक दार आहे, यामा नावाचं सुरक्षा मॉड्यूल. लेकराने आईबापाला डीबग करायचं असेल, तर आधी आईबापाने पीआरसीटीएल कॉल करून तशी मुभा द्यावी लागते.

पण थांबवणंच परवडत नसेल, तर? आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेसमोर हाच प्रश्न असेल. केंद्राने फेब्रुवारी २०१६मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजूर केलेली ही वेधशाळा अमेरिकेतल्या लायगोच्याच धर्तीची: प्रत्येकी ४ किलोमीटरच्या दोन भुजा आणि टोकांना ४० किलोचे आरसे. अमेरिकेतल्या लायगोत आरसे जागेवर धरून ठेवणारा प्रोग्राम सेकंदाला १६,३८४ वेळा फिरतो. म्हणजे एका फेरीला जेमतेम ६१ मायक्रोसेकंद. त्यासाठी प्रोसेसरचा एक कोर लिनक्सच्या वाटपातून वेगळा काढतात. या प्रोग्रामला ब्रेकपॉइंट लावून माणूस पडद्याकडे बघत बसला, तर तेवढ्यात हजारो फेऱ्या बुडतील आणि आरशांवरचा ताबा सुटेल. म्हणून प्रोग्राममध्ये जागोजागी ‘टेस्ट पॉइंट’ ठेवलेले असतात. हवा तो आतला सिग्नल चालू असतानाच बाहेर घ्यायचा, वेळेसह नोंदवायचा आणि दोष नंतर नोंदीत शोधायचा. पडदे नि सेटिंग सांभाळणारे संथ प्रोग्राम मात्र लिनक्सवरच्या साध्या प्रोसेस असतात. त्यांना बाहेरून जीडीबी जोडता येतो.

तेव्हा आपला प्रोग्राम तपासताना आधी ठरवावं, नुसतं पाहायचं आहे की थांबवायचंही आहे. पाहणं आतून जमतं, लॉग लिहून भागतं. थांबवायचं असेल, तर डीबगर वेगळ्या प्रोसेसमध्येच हवा.

पुढच्या भागात : ब्रेकपॉइंट लावताना प्रोग्रामच्या कोडमध्ये नेमका कोणता बाइट बदलतो?